परक्या कंपनीचा माणूस

“ही सही तुझीच ना?”

लॉवेलने कागद टेबलावर ठेवला आणि डेन्झिलच्या पुढ्यातला घेवड्याच्या कालवणाचा वाडगा बाजूला सारला. डेन्झिलने चष्मा शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि कागद जवळ ओढला. रजिस्टर टपालाच्या पोचपावतीची ती प्रत होती. खाली त्याचं पूर्ण नाव, डेन्झिल कॉनली, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. तारीख अकरा मार्च. आता मे लागला होता.

“माझीच,” तो म्हणाला.

“मग कागद कुठाय?”

“कसला कागद?”

लॉवेल शोप म्हणजे त्याचा मेहुणा, वनेटाचा धाकटा भाऊ. बोअर मारायच्या धंद्यात सगळं आयुष्य गेल्यामुळे यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्याला सवय. आज मात्र तो हळू बोलत होता.

“कोर्टाचं समन्स. व्हॅनहूज म्हणून एक आहे, तुमच्या केंटकीतला. माझ्या बोअरच्या पाण्यानं त्याची गुरं मेली म्हणतो. अरे, ती बोअर माझी नाहीच! माझी कोरडी गेली, मग त्यानं दुसऱ्याकडून मारून घेतली. एक कागद पुढे केला असता की दावा तिथंच झोपला असता. पण वीस दिवसांत उत्तर द्यायचं होतं. दावा लागलाय हेच मला ठाऊक नाही, तर उत्तर काय देणार, कपाळ! कोर्टानं एकतर्फी निकाल देऊन टाकला. परवा बँकेनं खातं गोठवलं तेव्हा कळलं.”

“माझ्याकडे आलं असतं तर मी तुला दिलं असतं.”

“तुझ्याकडेच आलं, डेन्झिल. तू सही केलीस.”

“एकोणीस वर्षांत तुझा एक कागद मी रात्रभर घरात ठेवलेला नाही.”

“एकोणीस वर्षांत कोर्टाचा कागद आलाच नव्हता! हा पहिला होता.”

शेगडीपाशी वनेटा मक्याचा पाव कापत होती. तिची सुरी थांबली. “त्याच्यावर ओरडू नकोस,” ती भावाला म्हणाली. “सापडेल. इथंच कुठंतरी असेल.”

“आता सापडून काय उपयोग? दोन्ही यंत्रं विकली तरी भागायचं नाही. अकरा माणसं आहेत माझ्याकडे, त्यांना काय सांगू? बापानं उभी केलेली कंपनी...” लॉवेलने डेन्झिलकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

डेन्झिल अजून सहीकडेच बघत होता. अकरा मार्च म्हणजे मंगळवार. मंगळवारी तो घरी होता, तो प्रश्नच नव्हता. सोमवार ते शुक्रवार तो घरीच असायचा. पण दारात पोस्टवाली आली, तिने पेन पुढे केलं, आपण सही केली, यातलं काहीच त्याला आठवेना. त्याने डोकं खाजवलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. त्या दिवशी काय जेवलो तेही आठवेना, आणि मग तो मनातून घाबरला.

डेन्झिल सरळ नाकासमोर चालणारा माणूस. वयाच्या अठराव्या वर्षी दगडी कोळशाचा कोक करणाऱ्या भट्टीत लागला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावरून पडून पाठ मोडून घेतली. पाठ पुन्हा जुळली, पण भट्टीने परत घेतलं नाही. अपंगत्वाचं निवृत्तिवेतन सुरू झालं. वनेटा सकाळी सात वाजता शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायची, आणि हा धडधाकट दिसणारा गडी दिवसभर खिडकीत बसून नदी बघायचा. पलीकडे ओहायो, अलीकडे केंटकी. शेजारपाजारचे सकाळी कामावर जाताना हात करायचे. पुढेपुढे त्याने हात करणं सोडलं आणि पडदा ओढून घेतला.

अशी पाच वर्षं गेल्यावर एका रविवारी लॉवेल फॉर्म घेऊन आला होता. नदीपलीकडच्या पोर्ट एलममध्ये त्याची कंपनी. केंटकीत येऊन बोअर मारायचं काम बाप-लेक दोन पिढ्या करत होते, कोणी काही विचारलं नव्हतं. आता इथल्या शाळांचं मोठं काम निघालं, तेव्हा शाळा मंडळाने दाखला मागितला. कंपनी ओहायोची, म्हणजे केंटकीच्या दृष्टीने परकी. परक्या कंपनीने इथे धंदा करायचा तर केंटकीच्या राजधानीत, फ्रँकफोर्टला, अर्ज करायचा, कंपनी जिवंत आहे असं ओहायोचं प्रमाणपत्र जोडायचं आणि परवानगी घ्यायची. तशी घेतली नाही तर दंड, वर इथल्या कोर्टात तुम्हाला कोणावर दावाही लावता येत नाही.

“परकी?” वनेटा हसून म्हणाली होती. “अरे, तुझी पाटी मला भांडी घासताना दिसते!”

“तुला दिसते गं, फ्रँकफोर्टला दिसत नाही.” मग लॉवेलने फॉर्ममधल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. “इथं अडलंय. कंपनीचा प्रतिनिधी पाहिजे. इथला राहणारा. टपालपेटीचा नंबर चालत नाही, खरंखुरं घर पाहिजे. आणि कामाच्या वेळात त्या घरात हजर पाहिजे. कोर्टाचा कागद आला तर घ्यायचा आणि माझ्यापर्यंत पोचवायचा. बस.”

“कामाच्या वेळात घरी कोण असतं?” वनेटा म्हणाली, आणि म्हटल्याक्षणीच तिला जीभ चावावीशी वाटली.

मग डेन्झिलने हात पुढे केला. “आण इकडे. मी असतो.” पाच वर्षं जी गोष्ट त्याला आतून खात होती, तीच या फॉर्ममध्ये पात्रता ठरली होती. संमतीच्या रकान्यात त्याने ठसठशीत सही केली, शेपटी कडेपर्यंत ओढून. पुढच्या महिन्यात परवानगीचा दाखला आला. त्यात कंपनीच्या नावाखाली त्याचं नाव आणि घराचा पत्ता छापलेला होता.

लॉवेलच्या लेखी ती एक सही होती. डेन्झिलच्या लेखी ती नोकरी होती. दुसऱ्या दिवसापासून तो नऊच्या आत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागला. दातांचा डॉक्टर पाचनंतर, केस कापणं शनिवारी. वनेटाच्या बहिणीच्या मुलीचं लग्न शुक्रवारी दुपारी होतं, तर हा पठ्ठ्या सहा वाजता जेवणालाच उगवला.

“राज्यपाल येणार होते का रे तुझ्या दारी?” भाचीच्या बापाने टोमणा मारला.

“येतीलही,” डेन्झिल म्हणाला. “आले आणि दार बंद दिसलं, तर लॉवेलचं काय?”

सगळे हसले होते. तोही हसला होता, पण त्याने ते खरंच म्हटलं होतं. एकोणीस वर्षांत आलं काय, तर सरकारी वाटावीत अशी लिफाफ्यांतली जाहिरातपत्रं, कामगार कायद्याची पोस्टरं विकणाऱ्यांची. ती सुद्धा तो फेकून देत नसे. पाच वाजले की ट्रक काढायचा, पूल ओलांडायचा आणि लॉवेलच्या हातात द्यायची, नाही तर ऑफिसच्या दारातल्या फटीतून आत टाकायची. लॉवेल ती त्याच्यासमोर गंभीर चेहऱ्याने घ्यायचा आणि त्याची पाठ वळली की टोपलीत टाकायचा. ते डेन्झिलला ठाऊक होतं, पण पुढचं त्याचं काम नव्हतं.

तीन दिवस घर उलटंपालटं केलं. वनेटाने पिठाचे डबे काढले, गाद्या उलट्या केल्या, चर्चमध्ये न्यायच्या पिशव्या झटकल्या. कागद नाही. तिच्या मनात काय चाललंय ते डेन्झिलला कळत होतं. हिवाळ्यात त्याने दोनदा किटली शेगडीवर जाळली होती. ख्रिसमसला तो म्हणाला होता, रे अजून कसा आला नाही. रे म्हणजे त्याचा भाऊ, नऊ वर्षांपूर्वी वारलेला. तेव्हा वनेटाने नुसतं म्हटलं होतं, “तू जेव.”

तिसऱ्या दिवशी पाच वाजून पाच मिनिटांनी त्याने ट्रक काढला. लॉवेलच्या तोंडावर सांगायचं ठरवलं, की कागद सापडत नाही, काय शिक्षा द्यायची ती दे. पूल ओलांडला, डावीकडे वळला, नदीकाठच्या रस्त्याने दोन चौक गेला आणि नेहमीच्या दारासमोर ट्रक लावला. उतरून दाराशी गेला तेव्हा पाटी नव्हती. काचेवर आतून पिवळा कागद चिकटवलेला होता, ‘भाड्याने देणे आहे’. धुळीने माखलेल्या काचेला कपाळ टेकून त्याने आत पाहिलं. फरशीवर, दाराच्या फटीखाली, पिझ्झाच्या जाहिरातींचा ढीग होता. त्या ढिगात एक मोठा लिफाफा होता आणि त्याच्यावर त्याचं अक्षर होतं.

त्याने आत जायचा प्रयत्न केला नाही. शेजारच्या खानावळीतून लॉवेलला फोन केला आणि पायरीवर जाऊन बसला. अर्ध्या तासात लॉवेल घरमालकाची किल्ली घेऊन आला. लिफाफ्यावर लिहिलं होतं, ‘लॉवेल, कोर्टाचा कागद आहे. आजच्या आज उघड. अकरा मार्च, दुपारचे दोन चाळीस.’

दोन चाळीस. म्हणजे एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पाचच्या आत घर सोडलं होतं, कागद तेवढा महत्त्वाचा आहे हे ओळखून. सगळं बरोबर केलं होतं. सही केली, लिफाफ्यात घातलं, नाव लिहिलं, वेळ लिहिली, तडक पूल ओलांडून ऑफिसात पोचवलं. ऑफिस तेवढं तिथे नव्हतं.

“चार वर्षं झाली रे इथून जाऊन,” लॉवेल पायरीवर त्याच्या शेजारी बसत म्हणाला. “नवीन ऑफिस हमरस्त्याला. फीत तू कापलीस.”

“कापली ना. लाल होती.” डेन्झिलला ती फीत स्वच्छ आठवत होती. कात्री बोथट होती तेही आठवत होतं. “मला नवीन ऑफिस ठाऊक आहे, लॉवेल. आत्ता विचार, मी पत्ता सांगतो.”

लॉवेलने विचारलं नाही. त्याने डेन्झिलच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वकील मेलिंडा काउडिल तरुण होती, चटपटीत होती आणि गोड बोलून फसवणाऱ्यांतली नव्हती. तिने लिफाफा बघितला, डेन्झिलला तपासलेल्या डॉक्टरांचा अहवाल बघितला आणि खुर्चीत मागे टेकली.

“एकतर्फी निकाल रद्द होऊ शकतो,” ती म्हणाली. “बोअर तुमची नव्हती हे दाखवता येतं, ती बाजू भक्कम आहे. पण आधी उत्तर का दिलं नाही याला सबळ कारण लागतं. मिस्टर कॉनली शुद्धीत असताना विसरले असतील, तर प्रतिनिधीची चूक ती कंपनीचीच चूक. मग कोर्ट काही ऐकायचं नाही. त्यांचं डोकंच त्यांच्या ताब्यात नसेल, तर गोष्ट वेगळी.”

“आणि डॉक्टर काय म्हणतात?” लॉवेलने विचारलं.

“विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे म्हणतात. पण तपासणीच्या दिवशी यांनी बहुतेक सगळी उत्तरं बरोबर दिली. नुसत्या अहवालावर न्यायाधीश बाई निर्णय देणार नाहीत. त्यांना हे समोर हवेत.”

“मी वेडा आहे असं मी कोर्टात सांगणार नाही,” डेन्झिल म्हणाला.

“तसं कोणी म्हणत नाही. जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या.”

“बरोबर आहे,” वनेटा म्हणाली. “त्याची सर्कस नाही होऊ द्यायची मी.”

निघताना काउडिलबाईने सहज सांगितलं, की कंपनीचा प्रतिनिधी बदललाय. फ्रँकफोर्टची एक संस्था आहे, हजारो कंपन्यांचे कागद तीच घेते. संगणकावर दोन मिनिटांचं काम.

“तिथं दिवसभर कोण असतं?” डेन्झिलने विचारलं.

“कोणीतरी असतं,” ती म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं असावं. “तुमच्यासारखं कोणी नसेल, मिस्टर कॉनली.”

खाली उतरल्यावर वनेटा गाडी आणायला गेली, तेव्हा लॉवेलने डेन्झिलची बाही धरली. त्याचे डोळे लाल होते. “डेन्झिल, त्या दिवशी... म्हणजे मार्चमध्ये तू जसा होतास, तसाच जर...”

“नाटक करू म्हणतोस?”

“नाही. नाही रे. देवाशपथ नाही.” लॉवेलने बाही सोडली. “कामावरची पोरं रोज सकाळी आवारात येऊन उभी राहतात. विचारत काही नाहीत. नुसती उभी राहतात.”

सुनावणीच्या दिवशी सकाळी डेन्झिलने स्वतःच इस्त्री केली. वनेटाने निळा कोट घातला. काउंटीच्या कोर्टात गर्दी नव्हती. न्यायाधीश बाई, एक टंकलेखक, दोन वकील, पलीकडच्या बाकावर व्हॅनहूज आणि मागच्या बाकांवर कंपनीतली चार-पाच माणसं, टोप्या मांडीवर ठेवून. डेन्झिलने हात वर करून शपथ घेतली आणि साक्षीदाराच्या खुर्चीत बसला. डोकं अगदी लख्ख होतं. कित्येक महिन्यांत इतकं लख्ख नव्हतं.

काउडिलबाईने मार्चचं विचारलं. त्याने खरं सांगितलं, की आठवत नाही. लिफाफा दाखवला, त्याने अक्षर ओळखलं. ती बसली आणि व्हॅनहूजचे वकील प्रॅथर उठले. वयस्क, मृदू आवाजाचा माणूस. त्यांना याचा छळ करायचा नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

“मिस्टर कॉनली, आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“महिना?”

“जून. तारीख बारा.”

“शंभरातून सात वजा करत जाल का जरा?”

“त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. अजून जाऊ?”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. “पुरे,” प्रॅथर हसत म्हणाले. “शोप कंपनीचं ऑफिस सध्या कुठे आहे?”

डेन्झिलने हमरस्त्याचा पत्ता सांगितला, इमारतीच्या क्रमांकासकट. सकाळी काय खाल्लं ते सांगितलं. भट्टीत कोणत्या साली लागला ते सांगितलं, पडला तो दिवस सांगितला. त्याला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. किती दिवसांनी कोणी त्याला प्रश्न विचारत होतं आणि तो उत्तरं देत होता, कोणी चोरून दुसऱ्याकडे बघत नव्हतं. मग त्याची नजर लॉवेलकडे गेली.

लॉवेलने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. त्याच्या मागे कंपनीची माणसं खाली बघत होती. एकाने टोपी डोक्यावर घातली, कोर्टात आहोत हे लक्षात येऊन पुन्हा काढली. काउडिलबाई वहीत काहीच लिहीत नव्हती. न्यायाधीश बाईंनी घड्याळाकडे बघितलं. त्या खोलीत एकच माणूस आनंदात होता. तिसऱ्या बाकावर निळ्या कोटातली वनेटा प्रत्येक उत्तराला मान हलवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुललं होतं. इतक्या महिन्यांचा तिचा घोर एकेका उत्तरासरशी उतरत होता. हा चांगला आहे, ती किटली, तो रे, तो लिफाफा, सगळं असंच होतं, कोणाचंही होतं, असं तिचा चेहरा म्हणत होता.

“शेवटचं विचारतो,” प्रॅथर म्हणाले आणि फाइल मिटायला लागले. “आज तुम्ही एकटे आलात, की सोबत कोणी आलंय?”

डेन्झिलने तिच्याकडे पाहिलं. वनेटा मे कॉनली, माहेरची शोप. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. नाव जिभेवर तयार होतं. मधलं नावही होतं, तिच्या आईचं होतं ते.

“आलंय,” तो म्हणाला.

“कोण?”

“त्या बाई. निळ्या कोटातल्या.”

“त्या कोण तुमच्या?”

त्याने घसा साफ केला. “चांगल्या आहेत फार. मला घेऊन आल्या.” मग त्याने मान हलवली. “नाव नाही सांगता येत. ओळखीच्या वाटतात.”

वनेटाचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग ते हळूहळू गेलं, आणि तिने पर्स छातीशी धरली. प्रॅथर फाइल हातात घेऊन उभेच राहिले. “मला आणखी काही विचारायचं नाही,” ते म्हणाले आणि खाली बसताना त्यांनी रुमाल काढला.

वीस मिनिटांत न्यायाधीश बाईंनी एकतर्फी निकाल रद्द केला. दावा पुन्हा उभा राहील, कंपनीने आपलं म्हणणं मांडावं. खातं मोकळं करण्याचा आदेश निघाला. मागच्या बाकांवरची माणसं उठली, पण कोणी टाळी वाजवली नाही, ओरडलं नाही. बाहेर व्हरांड्यात ती एकेक करून डेन्झिलपाशी आली आणि त्याचा हात हातात घेऊन गेली, आजारी माणसाला भेटून जातात तशी. लॉवेल सर्वांत शेवटी आला. त्याने डेन्झिलला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर रडला. त्याला काय वाटत होतं कोण जाणे. डेन्झिलच्या डोळ्यांत बघायचं मात्र त्याने टाळलं.

“हे एवढ्यावर संपत नाही हं,” काउडिलबाई वनेटाला बाजूला घेऊन सांगत होती. डेन्झिल दोन पावलांवर उभा होता, पण आता त्याच्या देखत बोलायला कोणी कचरत नव्हतं. “दावा चालेल, वर्ष, दोन वर्षं. आजच्याबद्दल त्यांना शंका आली, तर ते तुम्हाला शपथेवर विचारतील, घरी कसे असतात म्हणून. असतील तसं सांगायचं, दुसरं काही नाही.”

“मी खरं तेच सांगीन,” वनेटा म्हणाली.

ते डेन्झिलला ठाऊक होतं. या बाईने पास्टरच्या तोंडावर सांगितलं होतं, की आज तुमच्या प्रवचनात मी दोनदा झोपले. ती खोटं बोलू शकत नव्हती, कोणासाठीही नाही, त्याच्यासाठीही नाही. तिला जर सांगितलं, की मला नाव येत होतं, तर ते तिच्या पोटात राहणार नाही. आणि ती बोलली, की लॉवेल बुडाला, अकरा माणसं बुडाली. वर्ष, दोन वर्षं थांबायचं. दावा संपला की सांगून टाकू, त्याने मनाशी ठरवलं. मग त्याला किटली आठवली, रे आठवला. दोन वर्षांनी सांगायचं खरं, पण तोपर्यंत हे नाव आपल्यापाशी राहील का? तो तिथेच भिंतीला टेकला. पुढे काय करायचं ते त्याला कळेना.

गाडीपाशी त्याने सवयीने किल्ली काढली. वनेटाने ती त्याच्या हातातून हळूच घेतली आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून धरलं. तो बसला. तिने वाकून त्याचा पट्टा लावला, ओढून बघितला, मग वळसा घालून आपल्या जागी येऊन बसली. गाडी सुरू केली नाही. समोरच्या काचेतून बघत राहिली.

मग ती त्याच्याकडे वळली आणि शाळेतल्या लहान मुलांशी बोलायची तशी, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

“मी वनेटा. तुझी बायको. आपण आता घरी जातोय.”

त्याला तिचा हात धरायचा होता. सगळं सांगायचं होतं, लग्नाच्या दिवशी तिच्या बुटाची टाच मोडली होती इथपासून.

“वनेटा,” तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखं म्हणाला. “छान नाव आहे.”

तिने मान हलवली. दोनदा तिला किल्ली नीट लावता आली नाही. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली.